दहावा शब्द

आई गेल्यावर लोक मला विचारायचे, "कशी आहेस?" मी म्हणायचे, "बरी आहे." ते खोटं नव्हतं. मला खरंच काही होत नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला की दुसऱ्याचा तेच कळत नाही, तसं वर्षभर चाललं होतं. रडू येत नव्हतं. राग मात्र येत होता, पण तो माझा जन्मजात आहे, त्यासाठी कोणाला मरावं लागत नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा ऑफिसने माझ्या गळ्यात एक काम घातलं. डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगसाठी एक स्ट्रीमिंग क्लस्टर उभं करायचं. आमची कंपनी छोटी, पनवेल स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, खाली झेरॉक्सवाला आणि वर आम्ही. द्रोणागिरीच्या गोदामांतून कंटेनरच्या गाड्या ये-जा करतात. गाडी गेटातून आत आली की एक निरोप येतो, बाहेर पडली की दुसरा, वाटेत कुठे अडकली की तिसरा. असे निरोप दिवसरात्र वाहत असतात. ते झेलायचे, ओळीने ठेवायचे आणि ज्याला हवे त्याला पोचवायचे, हे काम करायला काही मशीन एकत्र बांधलेली असतात, ते क्लस्टर. खऱ्या गाड्यांचं क्लस्टर दुसरीकडे होतं, त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. माझं होतं ते खोट्या गाड्यांचं. ते पाडायचं, मोडायचं, पुन्हा उभं करायचं. त्यात कोणाचं काही बुडत नाही.

मला ते काम आवडलं. म्हणजे तेव्हा जेवढं काही आवडत होतं तेवढं. ऑफिसच्या मागच्या खोलीत तीन जुने डेस्कटॉप पडले होते, ते झाडूनपुसून घेतले. एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यातून खोट्या गाड्या खोट्या गेटांतून सुटायच्या, खोट्या रस्त्यांवर अडकायच्या, खोट्या वेळेला पोचायच्या. जुने निरोप तासाभराने आपोआप पुसले जातील अशी सेटिंग टाकली, कारण टेस्टिंगला जुनं ठेवून करायचंय काय? ती सेटिंग टाकताना मनात आलं, बरंय बाई यांचं.

तीन मशीन का, एकावर भागत नाही का, असं साहेबांनी विचारलं. नुसतं कोड लिहून बघायला एक पुरतं, पण टेस्टिंगला तीन लागतात. यांच्यात एक पुढारी ठरतो, आणि तो ठरवायला निम्म्याहून जास्त जण हजर असावे लागतात. तिघांतला एक पडला तर दोघं मिळून चालवून नेतात. दोन पडले तर उरलेला अगदी ठणठणीत असला तरी गप्प बसतो. एकट्याने काही ठरवायचं नाही म्हणजे नाही. "काय हट्टी प्रकार आहे," साहेब म्हणाले. मी म्हटलं, "सर, तुम्ही माझ्या बाबांना भेटलेले नाही."

हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही बेने इस्राएल. कोकणातले ज्यू. मराठीच बोलतो, मराठीतच भांडतो, आडनावाच्या शेवटी 'कर' लावतो आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावतो. आमची माणसं बरीचशी इस्राएलला गेली, काही ठाण्याला, आणि जी पनवेलात राहिली ती बहुतेक माझ्या वडिलांच्या वयाची. आमच्यात कोणी गेलं की नवरा किंवा मुलगा कद्दिश म्हणतो. ती प्रार्थना घरात एकट्याने बसून म्हणता येत नाही. दहा पुरुष जमावे लागतात. नऊ असले तर नाही. बायका पन्नास असल्या तरी नाही.

आईच्या वर्षाच्या दिवशी आपल्या सिनेगॉगमध्ये कद्दिश व्हावी, एवढी एकच गोष्ट बाबांनी वर्षभरात मागितली. दुसरं काहीच मागितलं नाही. जेवायलासुद्धा मागत नव्हते. वाढलं तर जेवायचे. सकाळी मी उठायच्या आत चहा तयार असायचा, एकच कप, माझा. "तुमचा कुठाय?" म्हटलं की "अरे हो" म्हणून परत आधण ठेवायचे. हे रोज. मला वाटायचं, वय झालं, विसरतात. मी चिडायचे आणि ऑफिसला जायचे.

माणसं जमवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. भाऊ तिकडे इस्राएलात, तो म्हणाला, "मी व्हिडिओवर येतो." बाबा म्हणाले, "पडद्यावरचा माणूस आमेन म्हणू शकतो, दहात बसत नाही." झालं! मग मी फोन लावत बसले. कोणाचा गुडघा, कोणाचं ऑपरेशन, कोणी नातवाच्या बारशाला. एक काका म्हणाले, "येतो, पण मला लवकर सोडा, सुनेला आणायला एअरपोर्टला जायचंय." तळोज्याच्या केमिकल कंपनीत आमचा एक लांबचा नातेवाईक आहे, सगळ्यांत तरुण तोच, म्हणजे पन्नाशीचा. तो म्हणाला, "ताई, रात्रपाळी आहे, सुटलो की तसाच येतो." फोन करता करता माझं डोकं फिरलं. म्हटलं, बाबा, फोन मी करणार, प्रार्थनेनंतरच्या मलिद्याचे पोहे मी भिजवणार, नारळ मी खवणणार, आणि मोजायची वेळ आली की मी वर बायकांच्या गॅलरीत! आई माझी होती ना?

बाबा म्हणाले, "होती गं." आणि पेपर उलटा धरून बसले. त्या माणसाशी भांडायचं तरी कसं!

आणखी एक. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. मी लहान असताना एकदा गॅलरीच्या कठड्यावरून खाली बघत मोठ्याने "एक, दोन, तीन" सुरू केलं होतं, तर आईने माझ्या तोंडावर हातच ठेवला. "माणसं म्हणजे काय नारळ आहेत?" म्हणाली. मग मोजतात कसं, तर दहा शब्दांचं एक हिब्रू वचन आहे. एकेका माणसाकडे बघायचं आणि एकेक शब्द म्हणायचा. वचन पुरं झालं की माणसं पुरी झाली. हे काम कितीतरी वर्षं बाबांकडे होतं. बाकी कोणी मोजायचं नाही, मनातसुद्धा नाही. मी दिवसभर ऑफिसात निरोप मोजते, किती आले, किती गेले, किती गळाले. पण सिनेगॉगमध्ये पाऊल टाकलं की माझे डोळे आपोआप मोजायचं थांबतात. लहानपणीचा तो हात अजून तोंडावर असल्यासारखा.

वर्षाचा दिवस गुरुवारी आला. सकाळी लवकर आम्ही पोचलो. झाडलोट करणाऱ्या मावशी आमच्याआधी हजर होत्या. त्या उरणच्या बाजूच्या, तोंडाने फटकळ. बाबांकडे बघून मला म्हणाल्या, "बापाला काय खायला देत नाय काय गो? निस्ता वाळलाय." मी म्हटलं, "मावशी, देते, पण ते खात नाहीत." "मग भरव," म्हणाल्या आणि केरसुणी घेऊन गेल्या.

एकेक करून माणसं आली. मी मलिद्याचं ताट लावत होते, पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. केळ्यांचे देठ काढताना बाबा बाकांमधून फिरताना दिसले. ओठ हलत होते. एकेकासमोर थांबत, पुढे सरकत. मग एकदम थांबले, आणि त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, प्रार्थना करताहेत. मग खाली बघून ते मला म्हणाले, "शब्द उरला."

म्हणजे एक माणूस कमी.

तळोज्याचा यायचा होता. मी फोन घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर गेले. तो म्हणाला, "ताई, रिक्षात आहे, पण पुढे ट्रेलर आडवा झालाय, सगळं जाम आहे." मी तिथेच उभी राहिले. आत म्हातारी माणसं बाकांवर बसलेली. कोणी खोकत होतं, कोणी कुजबुजत होतं. मला वाईट वाटत नव्हतं, हे मला स्पष्ट आठवतं. वाईट वाटायला हवं, असं मात्र सारखं वाटत होतं. समोरच्या दुकानाचं शटर वर गेलं. मी कंटेनरच्या ट्रेलरला मनातल्या मनात शिव्या घातल्या, तोही आमच्याच गोदामातला असेल म्हणून आणखी घातल्या.

एअरपोर्टवाले काका बाहेर आले. टोपी काढून खिशात ठेवली. "बाय, माफ कर. विमान उतरलंसुद्धा." मी म्हटलं, "पाचच मिनिटं, काका." ते म्हणाले, "पाच मिनिटं मघापासून चाललीत गं." ते गेले आणि ते वळणावर दिसेनासे होतात न होतात तोच तळोज्याची रिक्षा आली. एक गेला, एक आला. मी देवालासुद्धा ऐकवलं, की याला काय टायमिंग म्हणतात का.

तळोज्याचा नातेवाईक हातपाय धुऊन आत गेला, त्याच्या कपड्यांना कंपनीचा तो आंबट वास येत होता. मी फाटकाशीच थांबले. आतून बाबांचा पुटपुटण्याचा आवाज आला, शब्द, शब्द, शब्द, आणि पुन्हा तो मध्येच तुटला.

मी आत डोकावले. बाबा वर बघत होते.

प्रार्थना झाली, कद्दिश नाही झाली. तो भाग आला तेव्हा बाबांनी पुस्तकाचं पान उलटलं आणि पुढे गेले. मलिदा सगळ्यांनी खाल्ला. "पुढच्या खेपेला बघू," कोणीतरी म्हणालं. पुढच्या खेपेला कोण असेल आणि कोण नसेल, ते कोणी बोललं नाही. घरी येताना रिक्षात बाबा म्हणाले, "केळी छान होती." मी म्हटलं, "हो." बस्स.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले. तिसरं मशीन हटून बसलं होतं. पहिली दोन एकमेकांशी बोलत होती, खोट्या गाड्या धावत होत्या, पण तिसरं काही त्यांच्यात येईना. वीज होती, दिवा लागत होता, नेटवर्कवरून हाक मारली तर ओ देत होतं. चांगलं जिवंत होतं. सुरू केलं की क्षणभर चालायचं आणि बंद पडायचं. मी केबल बदलली, परत सुरू केलं, परत तेच. "काय मेलं दुखणं आहे तुझं?" असं मी त्या डेस्कटॉपला मोठ्याने म्हणाले. बाजूचा सहकारी हेडफोन काढून बघायला लागला.

शेवटी आधी जे करायला हवं होतं ते केलं, त्याने बंद पडताना काय लिहून ठेवलंय ते वाचलं. मराठीत सांगायचं तर त्याचा अर्थ असा होता: मला जी मंडळी सांगितली आहेत, त्यात मी नाही.

खरंच नव्हतं. प्रत्येक मशीनला सांगावं लागतं, तुमच्या गटात कोण कोण आहे. तिसऱ्याला सांगताना मी पहिल्या दोघांचे पत्ते दिले आणि त्याचा स्वतःचा द्यायचा राहिला. मला वाटलं असेल, त्याला त्याचं काय सांगायचं, तो आहेच की तिथे.

मी एक ओळ घातली. मशीन सुरू झालं, इतर दोघांत जाऊन बसलं. तिघांनी मिळून पुढारी निवडला, सगळं सुरळीत. मी खुर्चीत मागे टेकले. आणि मग त्याने लिहून ठेवलेलं परत वाचलं: त्यात मी नाही.

मी टेबलाखाली बोटांवर मोजायला लागले. आकड्यांनी. आईचा हात तोंडावरून बाजूला सारून चक्क एक, दोन, तीन. आधी कोण कोण आलं होतं, कोण कुठल्या बाकावर होतं. एअरपोर्टवाल्या काकांना धरून नऊ. आणि बाकांमधून फिरणारे बाबा. दहा. मग काका गेले आणि तळोज्याचा आला. परत नऊ, आणि बाबा. परत दहा.

दोन वेळा. दोन्ही वेळा दहा माणसं तिथे हजर होती. मी रस्त्यावर उभी राहून ट्रेलरला शिव्या देत होते तेव्हाही होती. आणि नऊ जण शांत बसून राहिले, कारण मोजायचं नसतं. आणि मी, दिवसभर मोजण्याचा पगार घेणारी बाई, मीही मोजलं नाही.

असा संताप आला मला! बाबांचा आला, त्या वचनाचा आला, बाकांवरच्या एकूण एक म्हाताऱ्यांचा आला. सगळ्यांना धरून हलवावंसं वाटलं. साहेब विचारत होते, "झालं का क्लस्टर?" मी म्हटलं, "झालं." आणि दुपारीच घरी निघून आले.

बाबा स्वयंपाकघरात होते. मला बघून त्यांनी चहाचं आधण ठेवलं. एक कप पाणी. ते बघितलं आणि मी रिक्षात जुळवलेलं सगळं भांडण विसरले. नुसतं विचारलं, "बाबा, काल मोजताना तुम्ही स्वतःला धरलं होतं का?"

त्यांनी गॅस बारीक केला.

"मी कधीच नाही धरलं," ते म्हणाले. "दहाच असलो की नेहमी एक शब्द उरायचा. लग्न झालं तेव्हापासून. मग मी वर बघायचो. तुझी आई कोपऱ्यात कठड्याशी बसलेली असायची. ती बोट दाखवायची. माझ्याकडे. तुम्ही, तुम्ही राहिलात, असं. हसायची. मग मी शेवटचा शब्द म्हणायचो."

चहा उकळायला लागला.

"ती गेल्यावर कालच पहिल्यांदा मोजलं. बघितलं मी वर," ते म्हणाले. "दोनदा बघितलं. मला वाटलं, मग नसेनच मी."

मी आधणात आणखी एक कप पाणी ओतलं आणि साखर घातली. आम्ही दोघांनी चहा घेतला. रडू तेव्हाही आलं नाही.

मग मी परत फोन लावले. कोणाला कारण सांगितलं नाही. बाबा विसरले असं चारचौघांत झालेलं मला नको होतं. एअरपोर्टवाल्या काकांना म्हटलं, "आता तुमची सून घरी आली ना? मग या." तळोज्याच्या नातेवाइकाला म्हटलं, "पाळी बदलून घे, नाहीतर मीच तुझ्या कंपनीच्या गेटवर येऊन उभी राहते." तो हसला, पण त्याने बदलून घेतली. गुरुवारी आलेल्यांतले एक जण ठाण्याला जाणार होते, त्यामुळे या दोघांशिवाय भागत नव्हतं. बाबांनी विचारलं, "दिवस उलटून गेला, आता चालेल का?" मी म्हटलं, "आईला चालेल."

त्या शनिवारी मी ताट मावशींच्या हवाली केलं आणि जिना चढून वर गेले. बायकांच्या गॅलरीत मी एकटीच होते. लहानपणी तिथे बसायला जागा मिळायची नाही. कोपऱ्यात कठड्याशी आईची जागा होती, तिथे बसले. तिथून खालचं सगळं दिसतं, हे मी विसरूनच गेले होते. टकलं दिसतात, टोप्या दिसतात, कोणाची मान दुखतेय तेसुद्धा दिसतं.

बाबा बाकांमधून निघाले. एकेकासमोर थांबत, एकेक शब्द म्हणत. काकांसमोर एक. तळोज्याच्या नातेवाइकासमोर एक, तो डुलक्या काढत होता. शेवटच्या बाकाशी आले आणि थांबले. समोर कोणी उरलं नव्हतं आणि शब्द उरला होता. ते तसेच उभे राहिले, हात लोंबकळत. वर बघायला धजत नव्हते, ते मला वरून दिसत होतं.

"बाबा," मी हाक मारली. सिनेगॉगमध्ये गॅलरीतून कोणी अशी हाक मारत नाही. सगळ्यांनी वर बघितलं. शेवटी त्यांनीही बघितलं.

मी कठड्यावरून वाकून बोट दाखवलं. तुम्ही.

बाबांनी छातीवर हात ठेवला आणि दहावा शब्द म्हटला. मग त्यांनी पुस्तक उघडून आईसाठी कद्दिश सुरू केली आणि शेवटपर्यंत म्हटली. खालून पुरुषांनी आमेन म्हटलं. मी वरून म्हटलं, ते मात्र नीट म्हणता आलं नाही, कारण तोवर मी कठड्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडत होते.